म्युझियममध्ये डिजिटल टीम कुठे बसवायची: ऑर्ग चार्टला (कोण कुणाखाली याच्या तक्त्याला) हात लावण्याआधी वाचा

म्युझियमची वेबसाइट सांभाळणारी माणसं कोणाला रिपोर्ट करतात हा प्रश्न एचआरवर सोडून देऊ नका. होमपेजवर काय दिसतं, संग्रहातल्या किती वस्तू लोकांना ऑनलाइन सापडतात, दालनातला टचस्क्रीन बंद पडला की किती दिवस तसाच राहतो, हे सगळं बऱ्याच अंशी त्यावरूनच ठरतं. डायरेक्टरनी वाचावं म्हणून हे लिहितोय, डिजिटल टीमच्या हेडनी वाचावं म्हणून लिहितोय, आणि जिथे अख्खी टीम म्हणजे एकच माणूस आहे त्यानं तर जरूर वाचावं.

थोडा इतिहास आधी, कारण त्याशिवाय आजचा गोंधळ कळत नाही. म्युझियममध्ये कॉम्प्युटर आला तो संग्रहाच्या नोंदींसाठी. १९६७ मध्ये न्यूयॉर्क भागातल्या म्युझियम्सनी मिळून म्युझियम कॉम्प्युटर नेटवर्क सुरू केलं तेव्हा वेब नव्हतंच, कॅटलॉग मशीनवर कसा चढवायचा हा विषय होता. नव्वदच्या दशकात वेब आलं, वेबसाइट म्हणजे स्क्रीनवरचं माहितीपत्रक असं समजून ती पीआर आणि मार्केटिंगकडे गेली, सर्व्हर आयटीकडे राहिला, पुढे दालनात स्क्रीन आले ते प्रदर्शनवाल्यांनी आणले, ऑनलाइन वर्ग शिक्षण विभागानं सुरू केले. ज्याच्या बजेटमधून पहिल्यांदा पैसे गेले त्याच्याकडे काम राहिलं आणि माणूसही तिथेच राहिला. नीट विचार करून जागा ठरवली असं फार थोड्या ठिकाणी झालंय.

पायरी १: महिनाभर खरं काम लिहून काढा

जॉब डिस्क्रिप्शन बाजूला ठेवा, त्यात काही सापडत नाही. डिजिटलचं काम करणाऱ्या प्रत्येकाला एक साधी शीट द्या आणि महिनाभर काय केलं, कुणी सांगितलं, किती वेळ गेला एवढंच लिहायला सांगा. यात डिजिटल हा शब्द ज्यांच्या पदात नाही त्यांनाही घ्या. फोटो स्कॅन करणारा, कलेक्शन डेटाबेसमध्ये मापं आणि मटेरियल भरणारी कॅटलॉगर, तिकीट काउंटरवर ऑनलाइन बुकिंगचा घोळ निस्तरणारा, शाळांच्या ऑनलाइन सेशनची लिंक पाठवणारी, हे सगळे डिजिटल कामच करत असतात, फक्त कुणी तसं म्हणत नाही.

मग त्या कामाचे चार ढीग करा. पहिला पायाचा, म्हणजे सर्व्हर, सिक्युरिटी, बॅकअप, लॉगिन, तिकीट सिस्टीमची जोडणी. दुसरा संग्रहाच्या डेटाचा, त्यात नोंदी, फोटो, हक्क, सर्च हे सगळं. तिसरा लोकांपर्यंत पोचण्याचा, पानं लिहिणं, ईमेल, सोशल मीडिया, व्हिडिओ. चौथा दालनातला, टचस्क्रीन, ऑडिओ गाइड, प्रोजेक्टर, ॲप. बऱ्याच ठिकाणी असं दिसतं की टीम मार्केटिंगखाली आहे पण निम्मा वेळ दुसऱ्या नाहीतर चौथ्या ढिगात जातोय, आणि त्या वेळेचा हिशोब कुणाच्याच अहवालात नाही. ही शीट हातात असली की पुढची चर्चा मतांवर न राहता कामावर होते, म्हणून ही पायरी अजिबात गाळू नका.

पायरी २: प्रत्येक घराचे, म्हणजे टीम ज्या विभागाखाली बसेल त्याचे, फायदेतोटे तोंडावर मांडा

आयटीखाली टीम असली की सिक्युरिटी नीट, खरेदी नीट, सिस्टीम एकमेकांशी बोलतात. अडचण अशी की आयटीचं यश म्हणजे काही बंद न पडणं, आणि वेबटीमला तर सारखं काहीतरी बदलून बघायचं असतं, त्यामुळे प्रत्येक छोट्या बदलाला आयटीकडे तिकीट (लेखी विनंती) टाका, वाट बघा, असं होतं. म्हणून तिथे ठेवूच नये असं मी म्हणणार नाही. क्लीव्हलँड म्युझियम ऑफ आर्टमध्ये जेन अलेक्झांडर यांच्याकडे आयटी आणि डिजिटल दोन्ही होतं, तिथे २०१३ मध्ये गॅलरी वन उघडलं, त्यातली भलीमोठी टचवॉल संग्रहाच्या डेटावर चालायची, आणि २०१९ मध्ये त्यांनी संग्रहाचा ओपन ॲक्सेसही केला, म्हणजे प्रतिमा आणि डेटा कुणालाही वापरायला खुला केला. तिथे हेड स्वतः कलेक्शन आणि प्रेक्षक या दोन्ही बाजू समजणारी होती आणि वरच्या टेबलावर बसत होती, हे विसरू नका. तुमच्याकडे आयटी हेड प्रिंटर आणि वायफायमध्येच बुडालेला असेल तर तोच चार्ट कॉपी करून काही होणार नाही.

मार्केटिंगखाली टीम असली की लिखाण सुधारतं, प्रेक्षकांचा विचार होतो, आकडे बघायची सवय लागते. पण मार्केटिंगचं कॅलेंडर प्रदर्शनाच्या उद्घाटनाभोवती फिरतं. चालू प्रदर्शनाचं बॅनर रोज बदलेल आणि संग्रहाचा सर्च वर्षानुवर्षं तसाच मोडका राहील, कारण त्यानं या महिन्याचं एकही तिकीट विकलं जात नाही. संशोधक, शिक्षक, लांब राहणारे लोक, जे कधीच म्युझियमच्या दारात येणार नाहीत पण साइट रोज वापरतात, त्यांची बाजू मांडायला या घरात कुणी नसतं. मला हा तोटा सगळ्यात मोठा वाटतो.

कलेक्शन किंवा क्युरेटर विभागाखाली टीम असली की डेटा सुधारतो, आणि खरं सांगायचं तर म्युझियमच्या डिजिटल कामात टिकून राहणारी गोष्ट तीच आहे. न्यूयॉर्कच्या कूपर ह्युइट या डिझाइन म्युझियमचं उदाहरण घ्या. २०१५ मध्ये त्यांनी भेट देणाऱ्यांच्या हातात एक पेन दिलं, लेबलवर टेकवलं की वस्तू तुमच्या खात्यात जमा व्हायची आणि तिकिटावरचा पत्ता घरी उघडून सगळं परत बघता यायचं. लोकांना पेन दिसलं, पण त्याच्या आधी, २०१२ मध्येच, त्यांनी संग्रहाचा डेटा सीसी झिरोवर (परवानगी न विचारता कुणीही वापरावा अशा परवान्यावर) खुला केला होता, मग त्यावर एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला डेटा मागता येईल अशी खिडकी, उभा केला, तेव्हा कुठे पेनाला विचारायला काहीतरी होतं. या घराचा तोटा म्हणजे अचूकतेच्या आग्रहात पानं प्रसिद्धच होत नाहीत, क्युरेटर म्हणतो नोंद अजून पूर्ण नाही, आणि पूर्ण तर ती कधीच होत नसते.

शिक्षण विभागाबद्दल थोडक्यात. प्रेक्षकाशी प्रत्यक्ष बोलायची सवय याच लोकांना असते. ब्रुकलिन म्युझियमनं २०१५ मध्ये आस्क नावाचं ॲप आणलं, दालनात उभं राहून प्रश्न टाइप करायचा आणि म्युझियमची माणसं तिथल्या तिथे उत्तर द्यायची. ॲप तंत्रज्ञांनी बांधलं तरी रोज ते चालवणारे कला जाणणारे लोक होते. असं काही करायचं मनात असेल तर पगारी माणसं कुठल्या विभागात येणार हे आधी ठरवा, ॲप नंतर.

मग येतो स्वतंत्र डिजिटल विभाग. मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१३ मध्ये चीफ डिजिटल ऑफिसर हे पद भरलं, आणि त्याच सुमारास बऱ्याच मोठ्या संस्थांना असा विभाग हवासा वाटायला लागला. फायदा उघड आहे, एक आवाज, एक बजेट, चांगली माणसं मिळतात. धोका म्हणजे बेट होतं. बाकी सगळे म्हणायला लागतात की डिजिटल ना, ते तिकडे, आणि स्वतःच्या विभागात काहीच शिकत नाहीत. मेटनं फेब्रुवारी २०१७ मध्ये सुमारे ३ लाख ७५ हजार प्रतिमा सीसी झिरोवर खुल्या केल्या, असं काम कुठल्याही एका विभागाला झेपणारं नाही, हक्क बघणारे, फोटोग्राफर, क्युरेटर, डेटावाले, सगळ्यांचे हात लागतात.

याच्या उलट टोकाला लंडनच्या टेटनं २०१३ ते २०१५ साठी मांडलेली डिजिटल स्ट्रॅटेजी. डिजिटल हा सगळ्याच कामाचा एक पैलू आहे, म्हणून तो सगळ्या विभागांत मुरला पाहिजे, असा तिचा गाभा. विचार मला मनापासून पटतो. पण छोट्या आणि मध्यम संस्था जेव्हा हे वाक्य उचलतात तेव्हा मध्यभागी कुणालाच ठेवत नाहीत, आणि मग सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही अशी गत होते, फॉन्ट प्रत्येक पानावर वेगळा, तीन वेगळे न्यूजलेटर, आणि मोबाइलवर तिकीट पान उघडत नाही हे सांगायचं कुणाला तेच कळत नाही.

पायरी ३: नाही म्हणायचा अधिकार कुणाला ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. टीम कुठल्याही घरात असली तरी मागण्या सगळीकडून येतात, फंडरेझिंगला देणगीचं पान हवं, क्युरेटरला परिषदेसाठी मायक्रोसाइट (वेगळी छोटी वेबसाइट) हवी, दुकानाला सवलतीचं बॅनर हवं, ट्रस्टीनं कुठेतरी थ्रीडी टूर बघितली म्हणून तीही हवी. टीममध्ये दोन-तीन माणसं. अशा वेळी आधी काय करायचं हे कोण सांगतं? लिहिलेलं नसेल तर जो सगळ्यात मोठ्या आवाजात बोलतो किंवा ज्याची केबिन जवळ आहे त्याचं काम आधी होतं, आणि टीममधला सगळ्यात ज्युनियर माणूस रोज कुणाला तरी नाराज करत बसतो. चांगली माणसं नोकरी सोडतात ती बऱ्याचदा यामुळे, कामाला कंटाळून नाही.

तर करायचं असं. सगळ्या मागण्या एकाच ठिकाणी येतील अशी एक यादी करा, शेअर्ड शीट पुरते, ती सगळ्यांना दिसली पाहिजे. दर दोन आठवड्यांनी अर्धा तास मीटिंग, कलेक्शन, शिक्षण, मार्केटिंग, आयटी यांचा एकेक माणूस, आणि अध्यक्षस्थानी असा कुणीतरी ज्याचा स्वतःचा विभाग या रांगेत नाही, डेप्युटी डायरेक्टर असेल तर उत्तम. प्रत्येक मागणीला तीन प्रश्न विचारा: हे कुणासाठी आहे, ते लागू झाल्यावर चालू कोण ठेवणार, आणि यासाठी यादीतलं काय मागे ढकलायचं. तिसऱ्या प्रश्नावर बऱ्याच मागण्या आपोआप गळतात. डायरेक्टरची मागणीही याच यादीतून यायला हवी, हे डायरेक्टरनं सगळ्यांसमोर एकदा म्हटलं की बाकीचं सोपं होतं, तसं म्हटलं नाही तर यादी महिनाभरात मरते.

होमपेजचं भांडण वेगळं सोडवा. होमपेजची जागा वाटून द्यायचा नियम आधीच करा, किती जागा चालू कार्यक्रमांना, किती कायम संग्रहाला, किती भेटीच्या माहितीला. वेळा, तिकीट, पोचायचं कसं, व्हीलचेअरची सोय, ही माहिती कधीच खाली ढकलली जाणार नाही असं त्यात लिहूनच टाका.

पायरी ४: आकारमानाप्रमाणे रचना निवडा

एकच माणूस असेल तर त्याला थेट डायरेक्टर किंवा डेप्युटीखाली ठेवा, आणि रोजचं बसणं मात्र कलेक्शनच्या लोकांजवळ. हे माझं ठाम मत आहे. एकट्या माणसाला मार्केटिंगखाली टाकलं की तो सोशल मीडिया मॅनेजर होतो, आयटीखाली टाकलं की हेल्पडेस्क होतो, दोन्हीकडे म्युझियमला जे खरं हवं होतं ते राहून जातं.

तीन ते आठ माणसं असतील तर छोटं केंद्र आणि बाहेर पसरलेले हात. केंद्रात एक प्रॉडक्ट बघणारा, एक डेव्हलपर किंवा व्हेंडरशी नीट बोलू शकणारा, एक कंटेंट एडिटर. बाकीची माणसं विभागांतच राहतात, कॅटलॉगर कलेक्शनमध्ये, व्हिडिओवाली शिक्षणात, पण आठवड्यातून एकदा सगळे एकत्र बसतात आणि स्टाइल गाइड, टूल्स, ट्रेनिंग केंद्राचं चालतं. दोन बॉस होतात ही तक्रार येणारच, म्हणून आधीच स्पष्ट करा: काय लिहायचं ते विभाग ठरवतो, कसं आणि कुठे दिसायचं ते केंद्र ठरवतं, रजा आणि अप्रेझल विभागाकडे, पण अप्रेझलमध्ये केंद्राचं मत घ्यायचंच.

मोठ्या संस्था, जिथे एका छताखाली अनेक म्युझियम्स असतात, तिथे प्लॅटफॉर्म आणि धोरण मध्यभागी, बाकी सगळं ज्याच्या त्याच्याकडे. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या म्युझियम-समूहानं फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे २८ लाख प्रतिमा खुल्या केल्या, तेव्हा त्यांच्याकडे १९ म्युझियम्स होती, आणि इतकी घरं एका सर्चखाली आणायची तर डेटाचं समान रूप आणि हक्कांचा समान नियम हे कुणीतरी मध्ये बसूनच करावं लागतं.

पायरी ५: एका वस्तूचा प्रवास चालून बघा

संग्रहातली कुठलीही एक साधी वस्तू घ्या, एखादं मातीचं भांडं घ्या, आणि ती कपाटातून वेबपानापर्यंत कशी जाते ते सगळ्यांना एका खोलीत बसवून बोलत बोलत कागदावर काढा. नोंदणी क्रमांक कोण देतं, फोटो कोण काढतं आणि मूळ फाइल कुठे राहते, फाइलचं नाव कोण ठरवतं, हक्क कोण तपासतं, वर्णन कोण लिहितं, अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरसाठी फोटोचं वर्णन कोण लिहितं, प्रसिद्ध करायचं बटण कोण दाबतं, चूक आहे असा ईमेल आला तर तो कुणाकडे जातो आणि मग डेटाबेस सुधारतो की फक्त वेबपान.

हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. वेबवाला घाईत वेबपान सुधारतो, डेटाबेसमध्ये जुनं तसंच राहतं, डेटाबेसमधून वेबसाइट पुन्हा भरली गेली (सिंक झाली) की चूक परत येते, आणि क्युरेटर म्हणतो वेबसाइटवर विश्वास ठेवू नका. नियम एकच ठेवा, वस्तूबद्दलची माहिती डेटाबेसमध्येच दुरुस्त होईल, दुसरीकडे कुठेही नाही. लेबल, ऑडिओ गाइड, वेबपान, टचस्क्रीन, सगळ्यांनी तिथूनच घ्यायचं. हा कागद काढताना दोन-तीन जागी सगळे गप्प होतात, कारण ते काम कुणाचंच नसतं. बहुतेक वेळा हक्क तपासणं आणि आलेल्या ईमेलना उत्तर देणं. त्या जागी तिथल्या तिथे नाव लिहा, विभागाचं नाव चालणार नाही, पदाचं नाव हवं.

संवेदनशील वस्तूंसाठीही इथेच वाट ठरवा, मानवी अवशेष, धार्मिक वस्तू, ज्या समाजाकडून वस्तू आल्यात त्यांना ती जगाला दिसावी असं वाटतंय का. हा निर्णय डेव्हलपरच्या किंवा सोशल मीडिया बघणाऱ्याच्या अंगावर पडता कामा नये.

पायरी ६: पैसे आणि किल्ल्या

प्रोजेक्टला पैसे मिळतात, चालू ठेवायला मिळत नाहीत, हा म्युझियम डिजिटलचा जुना आजार. प्रदर्शन बजेटमधून टचस्क्रीन येतो, प्रदर्शन संपल्यावर दालनात राहतो, सॉफ्टवेअर अपडेट करायला पैसे नाहीत, शेवटी त्यावर बंद आहे असा कागद चिकटतो. म्हणून प्रत्येक नव्या गोष्टीच्या मंजुरीत चालवायचा वार्षिक खर्च, तो कुणाच्या बजेटमधून, आणि ती गोष्ट कधी काढून टाकायची ती तारीख, हे लिहिल्याशिवाय सही करू नका.

डोमेन, होस्टिंग, सोशल मीडिया खाती, ॲप स्टोअरचं खातं, हे सगळं संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर हवं. एखाद्या इंटर्नच्या किंवा व्हेंडरच्या वैयक्तिक ईमेलवर असेल तर आजच बदला. सिक्युरिटीची जबाबदारी मात्र आयटीकडेच ठेवा, टीम कुठेही बसो. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये रॅन्समवेअर (डेटा अडकवून खंडणी मागणारा) हल्ला झाला, नंतर त्यांनी स्वतःच अहवाल काढून सांगितलं की जुन्या सिस्टीम्समुळे सावरणं फार अवघड गेलं. त्याच वर्षाच्या शेवटी म्युझियम्सना कलेक्शन सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका कंपनीवर हल्ला झाला आणि बऱ्याच म्युझियम्सचे ऑनलाइन संग्रह काही काळ दिसेनासे झाले. डेटाची ताजी एक्स्पोर्ट (बाहेर काढलेली प्रत) तुमच्या स्वतःच्या ताब्यात आहे का आणि ती उघडते का, हे तपासायचं काम एका माणसाच्या नावावर असलंच पाहिजे.

पायरी ७: पद, पगार, पुढची वाट

वेब असिस्टंट असं पद देऊन डेव्हलपर, एडिटर, ट्रेनर आणि डेटा मॅनेजर अशी चार कामं करून घेणं थांबवा. म्युझियमच्या पगारश्रेणीत क्युरेटरला सहायक, उप, मुख्य अशी शिडी असते, डिजिटलच्या माणसाला बऱ्याचदा पहिलीच पायरी शेवटची असते. शिडी करा. या कामातून माणूस किती वर जाऊ शकतो याचं उदाहरण सेब चॅन, सिडनीच्या पॉवरहाउसमध्ये डिजिटलचं काम, मग कूपर ह्युइट, मग मेलबर्नच्या ॲक्मी या चित्रपट-माध्यमांच्या म्युझियममध्ये चीफ एक्स्पीरियन्स ऑफिसर आणि २०२२ मध्ये तिथलाच डायरेक्टर.

आणि प्रदर्शनाच्या अगदी पहिल्या बैठकीला डिजिटलचा माणूस बोलवा. उद्घाटनाच्या तीन आठवडे आधी बोलावलं तर तो फक्त बॅनर करून देऊ शकतो, पहिल्या बैठकीला असेल तर तो विचारेल की उधारीवर आलेल्या वस्तूंचे फोटो ऑनलाइन वापरायची परवानगी करारात घेतली का, आणि तेव्हा ती घेता येते. नंतर ती मिळवायची तर प्रत्येक मालकाला पुन्हा पत्रं लिहावी लागतात.

पायरी ८: सहा महिन्यांनी तपासा

नवी रचना जाहीर करताना तारीखही जाहीर करा की अमुक महिन्यात परत बघू. तेव्हा पायरी १ ची शीट पुन्हा एक महिना भरा आणि शेजारी ठेवून बघा. कोणत्या ढिगाचा वेळ वाढला, कोणता सुकला. टीमकडे थेट फोनवर किंवा चालता चालता सांगितलेली कामं किती, यादीतून आलेली किती. एखादी चूक कळवल्यापासून डेटाबेसमध्ये दुरुस्त होईपर्यंत किती दिवस लागले. बंद पडलेला स्क्रीन कुणी आणि कधी दुरुस्त केला.

उत्तरं वाईट आली तर लगेच टीम उचलून दुसऱ्या विभागात टाकू नका. आधी पायरी ३ ची मीटिंग खरंच होतेय का आणि पायरी ५ च्या कागदावरच्या पदांवर अजून माणसं आहेत का ते बघा, कारण बहुतेक वेळा मीटिंग दोनदा रद्द होऊन बंद पडलेली असते आणि कागदावरचं एक पद रिकामं झालेलं असतं. ते पद भरा, मीटिंग परत लावा, अजून तीन महिने द्या, आणि त्यानंतरही तेच दुखणं राहिलं तर मग चार्ट उघडा.